आजीचे बोचके

घर म्हटले की अडगळ आलीच. आमच्या घरी ती माळ्यावरच्या एका बोचक्यात बांधलेली असे. जुन्या लुगड्यांचे काठ, झंपरांचे तुकडे, सुटी बटणे, सुतळीची गुंडाळी आणि फुटक्या बांगड्यांचा एक डबा, हा आजीचा ऐवज. गेल्या वर्षी पुस्तकांना जागा हवी म्हणून ते बोचके मी परस्पर भंगारवाल्याला देऊन टाकले. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे कोणी रागावले नाही. आजी एवढेच म्हणाली, "त्यात तुझ्या गोधडीचं सामान हुतं की रं."

ते वाक्य मनात रुतून बसले. त्यानंतर टाकाऊ वस्तूंतून कला कशी जन्मते, याविषयी मी जे वाचले ते येथे मांडत आहे.

१९४२ साली पिकासोने सायकलची जुनी सीट आणि हँडल एकत्र जोडून बैलाचे मस्तक तयार केले. सीट झाली तोंड, हँडल झाले शिंगे. दोन्ही वस्तू सर्वांच्या पाहण्यातल्या. त्यांच्यात बैल मात्र त्यालाच दिसला.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले. चंदीगड शहर वसवताना काही गावे उठवली गेली. त्यांचा राडारोडा जागोजागी पडून होता. नेकचंद हे तेथील सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते-निरीक्षक होते. १९५७ च्या सुमारास त्यांनी फुटक्या बांगड्या, कपबशांचे तुकडे, दगडगोटे वेचून आणायला सुरुवात केली. नोकरी सांभाळून, सरकारी जमिनीवर, गुपचूप ते माणसे, पशू आणि पक्षी घडवत राहिले. अनेक वर्षांनी ही गोष्ट उघडकीस आली. जागा बेकायदा होती, तरी काम वाचले. १९७६ मध्ये 'रॉक गार्डन' लोकांसाठी खुले झाले आणि १९८४ मध्ये नेकचंदांना पद्मश्री मिळाली.

पिकासोकडे क्षणात ओळखणारी नजर दिसते, नेकचंदांकडे वर्षानुवर्षे वेचण्याची चिकाटी. हे वाचताना मला आजी आठवली, कारण गोधडीला दोन्ही लागतात. चिंध्या साठवायला वर्षे जातात. त्यांची वर्गवारी आजी प्रथम रंगावरून करीत नाही. बोटांनी चाचपून करते. जाडेभरडे कापड आत, विटून मऊ झालेले लुगडे बाहेर, कारण ते अंगाला लागायचे. मग कडेपासून धावदोरा सुरू होतो. रंगांची जुळणी त्यानंतर. ऊब आधी, शोभा मागाहून. पण शोभा विसरलेली नसते.

म्हणून सगळेच साठवावे असे मी म्हणणार नाही. नुसता साठा म्हणजे कचराच. "हिचे पुढे काय होईल?" असा प्रश्न जी वस्तू हाती घेताच पडतो, ती ठेवावी. आजीने प्रत्येक चिंधीला तो प्रश्न विचारलेला होता. मी एकीलाही विचारला नाही.

आईच्या लग्नातल्या शालूचा काठ त्या बोचक्यात होता, हे मला नंतर कळले. तो आता परत येणार नाही. माळ्यावर मात्र नवे बोचके आले आहे. त्यात माझा पहिल्या वर्षाचा फाटका सदरा आहे. आजीला हल्ली नीट दिसत नाही. सुईत दोरा मी ओवून देतो.