सेट परीक्षा आणि संतवाङ्मय : माळकरी घरातील मुलामुलींसाठी

नांदेडला १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. तेव्हापासून नांदेड-लातूरकडील पुष्कळ माळकरी घरांतली पोरं मराठी घेऊन एम. ए. होतात. पुढे महाविद्यालयात शिकवायचे म्हणजे सेट नाही तर नेट द्यावी लागते. मग घरचे विचारतात, हरिपाठ तोंडपाठ, काकडा तोंडपाठ, तरी परीक्षेत अडतं कुठं?

आमचे सांगणे असे की, पाठांतर ही पुंजी खरी; पण परीक्षा ग्रंथाच्या भोवतालचेही पुसते. ग्रंथ केव्हा झाला, कोठे झाला, रचना कोणती, वाद कोणता? तेव्हा अभ्यासाचे चार भाग करावेत.

पहिला भाग काळाचा. शके दिला असेल तर साधारणतः ७८ मिळवावे, म्हणजे इसवी सन येतो. विवेकसिंधूचा परंपरेने मानलेला शक १११०, म्हणजे ११८८. ज्ञानेश्वरी नेवाशास शके १२१२, म्हणजे १२९०. एकनाथी भागवत काशीस १५७३ साली पुरे झाले आणि नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत १५८४ साली सिद्ध केली. म्हणजे भागवत आधी, प्रतिशुद्धी नंतर. कालक्रम लावा म्हटले की पुष्कळजण इथेच चुकतात. स्थळे तर आपल्या पायाखालचीच आहेत : मुकुंदराजांचे अंबाजोगाई, विसोबा खेचरांचे औंढा, जनाबाईंचे गंगाखेड. नकाशा काढून भिंतीला लावावा.

दुसरा भाग रचनेचा. आपण टाळावर अभंग म्हणतो, पण अक्षरे कधी मोजत नाही. मोठ्या अभंगात चार चरण, सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. ओवीत पहिल्या तीन चरणांचे यमक जुळते, चौथा आखूड असतो. ज्ञानेश्वरीच्या ओवीला अक्षरसंख्येचे बंधन नाही. रोजच्या भजनात एकेक अभंग असा मोजून पाहावा.

तिसरा भाग पंथाबाहेरचा. म्हाइंभटांचे लीळाचरित्र, पंडितकवी, शाहीर, पुढे कादंबरी, दलित साहित्य, समीक्षा, भाषाविज्ञान हे सारे अभ्यासात येते. ‘ते आपलं नव्हे’ म्हणून बाजूला ठेवू नये. माहूर आपल्याच जिल्ह्यात. तेथे महानुभावही श्रद्धेने येतात, हे आपण पाहतोच.

चौथा भाग नाजूक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘ज्ञानदेव एक की दोन’ असा वाद उठला. ज्ञानेश्वरी लिहिणारे निराळे आणि अभंग रचणारे निराळे, असे एका पक्षाचे म्हणणे होते. माळकरी घरातल्या मुलाला हे वाचून दुखते, काहीजण ते प्रकरणच सोडतात. पण आपल्या प्रवचनात आक्षेप आधी मांडतात आणि समाधान मागून करतात ना? तसेच हे. दोन्ही बाजूंची प्रमाणे नीट समजून घ्यावीत. आक्षेप समजल्याने निष्ठा जात नाही. उत्तर देता येत नाही तेव्हाच ती डळमळते.

आता परीक्षेची रीत. महाराष्ट्र व गोव्यासाठी सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. पहिली पत्रिका अध्यापन व संशोधनाच्या सर्वसाधारण तयारीची, ५० प्रश्न, १०० गुण. दुसरी विषयाची, १०० प्रश्न, २०० गुण. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. आणि मराठी चांगली म्हणून पहिल्या पत्रिकेकडे दुर्लक्ष करू नये.

नेम असा धरावा : सकाळी दहा ओव्या अर्थासह, दुपारी बाहेरचे वाङ्मय, रात्री हरिपाठानंतर तासभर जुन्या प्रश्नपत्रिका. आईबापांनीही एवढे करावे की निकाल मागे पडला तर ‘माळ घालून काय मिळवलं’ असे पोराला बोलू नये. पुन्हा बसू द्यावे. खेड्यातला एक जाणता मुलगा महाविद्यालयात उभा राहून ज्ञानेश्वरी शिकवू लागला, तर ज्या घरांत ती कधी उघडली नाही तिथल्या मुलांपर्यंतही ती पोचेल. ही सेवाच आहे.

रामकृष्ण हरि.