पूल उपसण्याआधी

पूल रिकामा करणे आणि त्याच्या भिंती ॲसिडने धुणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले पाणी बिघडले म्हणून करायचे असते, दुसरे प्लास्टर खराब झाले म्हणून. फिनिक्सच्या आसपास, चँडलर किंवा गिल्बर्टमध्ये, परसात पूल असलेले घर नव्याने घेतले की ही दोन्ही कामे बहुधा एकाच दरात जोडून सांगितली जातात. दहा-पंधरा वर्षे तिथे राहिलेली मराठी कुटुंबे मात्र नवागतांना आधी एवढेच तपासायला सांगतात, की दोष पाण्यात आहे की प्लास्टरमध्ये.

ॲरिझोनातले पाणी मुळातच जड. कोलोरॅडो, सॉल्ट आणि व्हर्डी या नद्यांतून येणाऱ्या पाण्यात क्षार भरपूर असतात. त्यात तिथल्या कोरड्या उन्हामुळे वर्षाकाठी साधारण 6 फूट पाणी उडून जाते. घरगुती पुलाची सरासरी खोली 5 फुटांच्या आसपास धरली, तर दर वर्षी निदान अख्खा पूल हवेत जातो आणि नळाने पुन्हा भरला जातो. वाफ होते ती निव्वळ पाण्याची. क्षार मागेच राहतात आणि साठत जातात. पाण्यातला कॅल्शियमचा कठीणपणा 200 ते 400 पीपीएम असावा असे मानतात, तो काही वर्षांत याच्या कितीतरी पुढे जातो आणि टाइल्सवर पांढरी खरखरीत रेघ उमटते.

दुसरा साठा माणूसच घालतो. क्लोरीनच्या पांढऱ्या वड्यांत सायन्युरिक ॲसिड असते. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवते, म्हणून 30 ते 50 पीपीएम इतके हवेच; पण वडी विरघळून क्लोरीन खर्च झाला तरी हे मागे उरते. ते 100 च्या वर गेले की क्लोरीन असूनही नसल्यासारखा होतो आणि कितीही वड्या टाकल्या तरी शेवाळ हटत नाही. यावर उपाय पाणी बदलणे हाच, आणि तेही अनेकदा अर्धेच बदलून भागते. पूल न उपसता पाणी शुद्ध करणारी रिव्हर्स ऑस्मोसिसची फिरती यंत्रणाही फिनिक्स भागात मिळते. पूल नुसता हिरवा झाला असेल, तर क्लोरीनचा जोरदार डोस, ब्रश आणि अखंड चालणारा फिल्टर एवढ्यावर बहुतेक वेळा काम होते.

उपसायचेच ठरले तर मोसम नोव्हेंबर ते मार्च. पारा 85 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे 29 सेल्सियसच्या वर असताना ओले प्लास्टर उघडे पडले, तर ते तडकते किंवा भिंतीपासून सुटते. जुलै-ऑगस्टमध्ये धुळीच्या वादळाने पूल चहासारखा झाला (पावसाळी वादळांच्या त्या दिवसांना तिथेही मान्सूनच म्हणतात), तरी तेव्हा उपसण्याचा मोह टाळावा. व्हिनाइलचे अस्तर असलेला पूल पूर्ण रिकामा करू नये, अस्तर आकसते. फायबरग्लासचा पूल उत्पादकाला विचारल्याशिवाय रिकामा करू नये. ॲसिडने धुण्याची पुढे दिलेली पद्धत फक्त प्लास्टरच्या पुलासाठी आहे.

भूजलाचा प्रश्न याहून गंभीर. भरलेल्या पुलाला आतल्या पाण्याचे वजन खाली दाबून ठेवते. ते काढले आणि बाहेरची जमीन पाण्याने भरलेली असली, तर काँक्रीटचे अख्खे भांडे होडीसारखे वर उचलले जाते. ह्यूस्टन आणि फ्लोरिडात हा धोका खराच आहे. फिनिक्समध्ये बहुतेक ठिकाणी भूजल खोल असते. तरी काही जुन्या वस्त्यांत आजही पाटाचे पाणी अंगणात सोडतात, तिथे आणि मोठ्या पावसानंतर थांबणेच बरे.

पाणी रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे सोडता येत नाही. रस्त्याकडेचे गटार पावसाच्या पाण्याचे असते आणि त्यात पुलाचे पाणी सोडल्यास दंड होऊ शकतो. घराच्या आवारात सांडपाण्याच्या वाहिनीचे झाकण असते, त्यालाच क्लीनआउट म्हणतात. पंपाचा पाइप तिथे सोडायचा. किती वेगाने सोडायचे याची मर्यादा प्रत्येक शहराची वेगळी, म्हणून नगरपालिकेचा नियम आधी पाहावा. पाणी उलटे घरातल्या मोरीत चढू लागले तर पंप लगेच बंद करावा. क्लोरीन उतरल्यावर थोडे पाणी बागेलाही चालते. बर्म्युडा गवत, म्हणजे आपली हरळीच, आणि कण्हेर खारे पाणी सोसतात. लिंबू-संत्र्याची झाडे आणि जास्वंद सोसत नाहीत. उपसण्याआधी पुलाचा पंप आणि पाण्याखालचा दिवा दोन्ही ब्रेकरवरूनच बंद करावेत, कारण तो दिवा पाण्यानेच थंड राहतो.

आता ॲसिड. म्युरियाटिक ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, महाराष्ट्रात लादी धुवायला मिळते तेच. अमेरिकेत ते सहसा 31.45 टक्के तीव्रतेचे मिळते. हे डाग 'काढत' नाही, डाग पडलेला प्लास्टरचा पापुद्राच विरघळवते. प्लास्टरची एकूण जाडी जेमतेम अर्धा इंच असते. त्यामुळे प्लास्टरच्या आयुष्यात ही धुलाई मोजक्याच वेळा करता येते, आणि प्रत्येक वेळी पृष्ठभाग थोडा अधिक खरखरीत होऊन पुढचे शेवाळ अधिक घट्ट धरतो. दर वर्षी ॲसिडने धुण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याला निरोप द्यावा.

पद्धत अशी. प्लास्टिकच्या झारीत आधी पाणी घ्यावे, मग तितकेच ॲसिड त्यात ओतावे. उलट क्रम केल्यास मिश्रण उसळून अंगावर येते. भिंत आधी ओली करून मिश्रण वरून खाली सोडावे, लांब दांड्याच्या ब्रशने घासावे आणि अर्ध्या मिनिटात भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. एका वेळी 10 फुटांचाच पट्टा घ्यावा. ओघळ जास्त वेळ राहिला तर प्लास्टरवर कायमची चर पडते. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. हा वायू आणि ॲसिडची वाफ दोन्ही हवेपेक्षा जड असल्याने पुलाच्या खोल बाजूला साठतात, म्हणून काम एकट्याने कधीच करू नये. आम्लवाफेसाठीचा रेस्पिरेटर, गॉगल, रबरी हातमोजे आणि गमबूट हवेतच. कापडी मास्क इथे काही कामाचा नाही. क्लोरीनच्या वड्या, पावडर किंवा ब्लीच ॲसिडच्या जवळपासही ठेवू नयेत, कारण दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

तळाशी साचलेले आम्लयुक्त पाणी तसेच सोडायचे नसते. त्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा घालून, फेस थांबेपर्यंत ढवळून, पट्टीवर सामू 7 च्या जवळ आल्याची खात्री करून मगच पंपाने काढावे.

हे वाचून काम स्वतः करावेसे वाटत नसेल तर ते शहाणपणाचेच आहे. कंत्राटदाराकडून दोन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत: पाणी कुठे सोडणार आणि उरलेले ॲसिड कसे शमवणार. दुरुस्तीही करून घ्यायची असेल, तर ॲरिझोनाच्या रजिस्ट्रार ऑफ काँट्रॅक्टर्सकडे परवाना तपासता येतो.

रिकामा पूल लहान मुलांसाठी भरलेल्याइतकाच धोकादायक. कुंपणाचे फाटक बंदच असावे आणि तळाशी पाणी साचू देऊ नये. त्यात डास होतात आणि फिनिक्स ज्यात येते त्या मॅरिकोपा काउंटीत डासांमुळे वेस्ट नाइल विषाणू पसरतो. भरायला बागेचा नळ पुरतो. 18 हजार गॅलनच्या पुलाला, मिनिटाला 8 गॅलन धरून, सुमारे दीड दिवस लागतो. पाइपच्या तोंडाला जुना मोजा बांधून ते तळाशी ठेवावे आणि पाणी टाइलच्या मध्यापर्यंत येईस्तोवर नळ बंद करू नये, नाहीतर थांबल्या जागी भिंतीवर वळे उमटते. पूल भरला की फिल्टर सुरू करून आधी सामू आणि क्षारता जुळवावी, मग क्लोरीन घालावा. पहिले काही दिवस भिंती रोज ब्रशने घासाव्या लागतात; सुटलेली पांढरी पूड फिल्टरमध्ये अडकते, म्हणून आठवड्याभराने फिल्टरही धुवावा.