मुंबईचा धूर आणि मावळचे पाणी

मुंबईच्या हवेचा लोणावळ्याच्या पावसाशी संबंध काय, असे कोणीही विचारील. गिरण्यांच्या कोळशाचा धूर आवरण्यासाठी मुंबईत १९१२ च्या कायद्याने धूर-उपद्रव मंडळ नेमले गेले. निरीक्षक धुराड्यांवर लक्ष ठेवू लागले. परंतु नुसत्या नियमांनी धूर हटत नाही, कोळशाला पर्याय लागतो. टाटांनी लोणावळ्याजवळ वलवण येथे पावसाचे पाणी अडविले, ते घाटाखाली खोपोलीस सोडले आणि १९१५ पासून ही वीज गिरण्यांना मिळू लागली.

मात्र पुढच्या धरणाखाली मुळशी पेट्यातील मावळ्यांच्या भातजमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ साली त्यांना सत्याग्रह करावा लागला. सेनापती बापट त्यात अग्रभागी होते. म्हणून हवेचा विचार करणाऱ्या कोणत्याही मंडळाने धुराबरोबरच शुद्ध हवेची किंमत कोण मोजतो, हेही तपासले पाहिजे.