‘ओके’ ह्या शब्दाचा अर्थ व उपयोग

गेल्या वर्षीं एका वृद्ध गृहस्थांनीं आमच्या वाचनालयास पुस्तकांची एक पेटी भेट म्हणून पाठविली. आभाराचें पत्र इंग्रजींत लिहिण्याचें काम आठवींतील एका विद्यार्थ्याकडे आलें. अक्षर वळणदार, व्याकरण शुद्ध, परंतु मध्यें एक वाक्य असें होतें कीं, ‘आपण पाठविलेलीं पुस्तकें आम्हीं वाचलीं, तीं ओके आहेत.’ मुलाच्या मनांत ‘उत्तम आहेत’ असें म्हणावयाचें होतें. वाचणाऱ्यास मात्र तें ‘ठीक आहेत, चालतील’ असें वाटलें असतें. पत्र टपालांत पडण्यापूर्वीं आमच्या दृष्टीस पडलें, म्हणून निभावलें. ‘पण सर, ओके म्हणजे चांगलेंच ना?’ असें त्यानें विचारलें. ह्या प्रश्नाचें उत्तर तासाच्या पांच मिनिटांत देतां येईना, म्हणून तें येथें देत आहों.

शब्द लहान, पण त्याचा जन्म मोठा गमतीचा आहे. १८३८-३९ च्या सुमारास अमेरिकेंतील बॉस्टन शहराच्या वृत्तपत्रांत एक खूळ शिरलें होतें. पुरे शब्द न लिहितां केवळ आद्याक्षरें लिहावयाचीं, आणि तींही मुद्दाम चुकविलेल्या स्पेलिंगचीं! ‘सर्व बरोबर’ ह्या अर्थाचे इंग्रजी शब्द ‘ऑल करेक्ट’. त्यांचीं खरीं आद्याक्षरें ए आणि सी. पण एखाद्या अडाण्यानें कानाला ऐकूं येईल तसें लिहिलें, तर पहिल्याचा आरंभ ओ नें व दुसऱ्याचा के नें होईल. मराठींत सांगावयाचें तर कोणी ‘सर्व शुद्ध’ हें ‘शर्व सुद्ध’ असें लिहून त्याचें ‘श. सु.’ करावें, त्यांतलाच हा प्रकार. ‘सर्व बरोबर’ म्हणून सांगणारीं दोन्ही अक्षरें चुकलेलीं, हाच विनोद. २३ मार्च १८३९ रोजीं ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’ ह्या पत्रांत हीं अक्षरें अशा थट्टेनें छापून आलीं. ‘ऑल राइट’ बद्दल ओ. डब्ल्यू. असेंही तेव्हां लिहीत. तीं अक्षरें मेलीं, ओ. के. मात्र जगलें. आजचीं मुलें मोबाइलवर शब्दांचे तुकडे पाडून लिहितात म्हणून वडील मंडळी कपाळास हात लावतात. पण बॉस्टनच्या त्या खुळांत मुलें नव्हतीं, चांगले पोक्त संपादक होते!

हीं दोन अक्षरें जगलीं तीं एका निवडणुकीमुळें. १८४० सालीं राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन हे पुन्हा निवडणुकीस उभे होते. न्यूयॉर्क संस्थानांतील किंडरहुक हें त्यांचें जन्मगांव. म्हणून त्यांचे अनुयायी त्यांस ‘ओल्ड किंडरहुक’ म्हणत. ह्याचींही आद्याक्षरें ओ. के.! लगोलग ओ. के. नांवाची मंडळें निघालीं. विरोधकांनीं उलट आवई उठविली कीं, पूर्वीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन ह्यांना स्पेलिंग येत नसे, म्हणून तेच कागदांवर अशीं अक्षरें ठोकून देत. व्हॅन ब्युरेन पडले, पण भांडणाच्या धुरळ्यांत शब्द देशभर पसरला. पुढें १८४४ सालीं वॉशिंग्टन व बाल्टिमोर ह्यांच्यामध्यें तारायंत्र सुरू झालें व तारांचें जाळें वाढत गेलें, तेव्हां ‘निरोप पोंचला’ असें कळविण्यास तारबाबूंना हीं दोन अक्षरें फार सोयीचीं वाटलीं.

विनोद विसरला गेला आणि मग व्युत्पत्तींचें पीक आलें. कोणी हा शब्द ग्रीक ठरविला, कोणी अमेरिकेंतील चॉक्टॉ ह्या आदिवासी लोकांचा. अध्यक्ष वुड्रो विल्सन ह्यांना तर चॉक्टॉ मूळ इतकें पटलें होतें कीं, ते त्याचें स्पेलिंगही निराळें करीत. अखेर कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक ॲलन वॉकर रीड ह्यांनीं जुन्या वृत्तपत्रांचे ढीग चाळून १९६३-६४ मध्यें बॉस्टनचें मूळ पुराव्यानिशीं दाखवून दिलें. कानाला गोड लागणारी व्युत्पत्ति आणि छापील तारीख ह्यांत कोणावर भरंवसा ठेवावा, हें विद्यार्थ्यांनीं येथें पाहून ठेवावें.

आतां अर्थाकडे वळूं. ‘ओके’ म्हणजे तपासून पाहिलें, दोष आढळला नाहीं. गुण किती आढळले, हें तो शब्द सांगत नाहीं. म्हणून हिशेब ओके आहे, यंत्र ओके आहे, मुलगा सायकलवरून पडला पण ओके आहे, येथें तो भरपूर काम करतो. कारण तेथें दोष नसणें हीच आनंदाची गोष्ट. परंतु जेवण, गाणें, भेटवस्तु ह्यांविषयीं तोच शब्द वापरला, कीं त्यांत ‘त्याहून अधिक कांहीं नाहीं’ असा अर्थ शिरतो. आमच्या मराठींत ‘बरा’ हा शब्द त्याचा जणूं जुळा भाऊच आहे. दुखण्यांतून उठलेला माणूस ‘आतां बरा आहें’ म्हणतो तेव्हां सर्वांना संतोष होतो. तेंच, पहिल्या दिवाळसणास आलेल्या जांवयानें पुरणपोळी खाऊन ‘बरी झाली आहे’ असें म्हणून पाहावें! सासूबाईंचा चेहरा पाहिला कीं शब्दकोश उघडावयास नको.

होकारार्थी ‘ओके’ ची अडचण याहून नाजूक आहे. तो कधीं ‘मान्य’ असा असतो, तर कधीं नुसता ‘ऐकलें’ असा. आई म्हणते, ‘दूध घेऊन ये.’ मोबाइलवरची मान वर न करितां चिरंजीव म्हणतात, ‘ओके.’ आईनें होकार ऐकला. चिरंजीवांनीं केवळ पोंच दिली, तारबाबूंसारखी. संध्याकाळीं दूध नाहीं, आणि दोघांनाही आपलेंच खरें वाटतें. ‘हो, आणतों’ ह्या उत्तरांत क्रियापद आहे. तें उच्चारणारा त्यांत बांधला जातो. वडील माणसांस असें क्रियापदासह उत्तर द्यावें, असें आम्ही मुलांना सांगतों, तें केवळ शिष्टाचारासाठीं नव्हे. मित्रामित्रांत ‘ओके’ खुशाल चालूं द्या. पण स्वतःचें बोलणें संपवून शेवटीं प्रश्नार्थक ‘ओके?’ असें गुरुजनांस विचारूं नये; तो सूर वरिष्ठानें कनिष्ठास समज दिल्याचा असतो. (पालकांनींही मुलांशीं बोलतांना तो जरा कमी करावा, ही आमची हळूच केलेली विनंति.)

इंग्रजींत हा शब्द विशेषण आहे, नाम आहे, क्रियापदही आहे. मुख्याध्यापकांनीं सहलीस ‘ओके’ दिला, असें म्हणतां येतें. दोन मोठीं अक्षरें लिहावीं, त्यांपुढें बिंदु द्यावे किंवा चार अक्षरी स्पेलिंग करावें, सर्व रीति मान्य आहेत. मात्र एका लेखांत एकच पाळावी. निबंध, अर्ज व आभारपत्र ह्यांत तो टाळावा; गोष्टींतील संवादांत तो शोभतो. मालमोटारींच्या पाठीवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ हें सर्वांच्या परिचयाचें आहे. त्या अक्षरांनीं विनाकारण भोंगे वाजविण्यास उत्तेजन मिळतें म्हणून २०१५ सालीं महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनीं तीं लिहिण्यास मनाई केली.

त्या आठवींतील मुलाचें पुढें काय झालें? आम्हीं त्यास दुसरा शब्द सुचविला नाहीं. ‘ओके’ खोडून पत्र परत दिलें. रिकाम्या जागीं काय घालावें, ह्याचा विचार करीत तो बराच वेळ बसला. मग वाचनालयांत जाऊन पेटींतील एक पुस्तक पुन्हा घेऊन आला, आणि त्यांतील वादळाचा प्रसंग आपल्याला कां आवडला, हें त्यानें तीन ओळींत लिहिलें. त्यांत व्याकरणाच्या दोन चुका होत्या. त्या तेवढ्या दुरुस्त करून पत्र आम्हीं टपालांत टाकलें.