ऊसतोडीचा दर ठरवणारा साखर संघ कोणाचा?

प्रश्न : आमच्याकडची निम्मी गावं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. दरवाढीसाठी संप झाला की बोलणी 'साखर संघा'शी होतात. हा संघ सरकारी आहे का? उचल देतो मुकादम, मग दर ठरवणारा हा संघ कोण?
— एक वाचक, वडवणी (जि. बीड)

उत्तर : संघ सरकारी नाही. तो मालकांचा आहे, फक्त इथले मालक सहकारी आहेत. महाराष्ट्र राज्य सहकारी साखर कारखाना संघ हे त्याचं पूर्ण नाव. स्थापना १९५६ ची, कचेरी मुंबईत नरिमन पॉइंटला साखर भवनात. संघाचे सभासद म्हणजे राज्यातले सहकारी कारखाने. प्रवरेचा कारखाना १९५० च्या अखेरीस सुरू झाला, त्याच्या मागोमाग इतरांची उभारणी सुरू झाली आणि परवाना, कर्ज, साखरेचा भाव अशा प्रत्येक गोष्टीसाठी एकेकट्याने मुंबई-दिल्लीच्या खेपा घालण्यापेक्षा एकत्र बोलणं सोयीचं ठरलं. आजही साखरेचा किमान विक्री दर, निर्यात, इथेनॉल हीच संघाची रोजची कामं. खासगी कारखान्यांची संघटना वेगळी, तिला 'विस्मा' म्हणतात.

मालकांनी असं एकत्र येणं आपल्याकडे जुनंच आहे. मुंबईच्या गिरणीमालकांचा संघ १८७५ मध्येच झाला होता. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यातही मालक-मालकांचे संबंध ठरवणाऱ्या संघटनेला जागा होती, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

आता तुमच्या प्रश्नातली खरी मेख. कारखान्याच्या गेटच्या आत आणि गेटच्या बाहेर असे दोन वेगळे व्यवहार चालतात. आतल्या कायम कामगारांचा पगार त्रिपक्षीय समितीत ठरतो. संघ, कामगार संघटना आणि सरकार तिघंही टेबलाला असतात. त्या कामगाराचं नाव हजेरीपटावर असतं, त्याचा भविष्यनिर्वाह निधी कापला जातो. फडात कोयता चालवणाऱ्याचं नाव कारखान्याच्या अशा पटावर नसतं. कारखाना करार करतो तो तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी किंवा मुकादमाशी. आगाऊ रक्कम मुकादम घेतो आणि त्यातून टोळीला उचल वाटतो. म्हणजे कागदावर ऊसतोड्या कारखान्याचा नोकर नाही आणि तरी त्याच्या टनाच्या दरावर सही मालकांच्या संघाचीच होते. नोकर म्हणायचं नाही, पण मजुरी ठरवायची, असा हा विचित्र संसार अनेक वर्षं चालू आहे.

तोडणीच्या दराचा प्रश्न टेबलापर्यंत आणला संपाने. पाथर्डीचे बबनराव ढाकणे आणि नंतर परळीजवळच्या नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे यांनी तोडणी कामगारांना एकत्र केलं. ऊस उभा आहे, बॉयलर पेटवायचा मुहूर्त ठरलाय आणि टोळ्या गाव सोडायला तयार नाहीत, या कोंडीपुढे कारखानदारांना बसावंच लागे. पुढे लवादाची पद्धत रुळली. कामगारांकडून मुंडे, कारखानदारांकडून शरद पवार. २०१४ नंतर मुंड्यांची जागा पंकजा मुंडे यांनी घेतली. याच गोपीनाथ मुंड्यांनी पांगरीला वैद्यनाथ सहकारी साखर कारखाना उभा केला. तोडणी कामगारांचा नेता आणि कारखान्याचा संस्थापक एकच, याचं बाहेरच्याला नवल वाटेल, बीडमध्ये फारसं कोणाला वाटत नाही. मजूर पाठवणारा हा जिल्हा तेलगाव, गेवराई, परळी भागात स्वतः ऊसही गाळतो.

२७ ऑक्टोबर २०२० ला पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये १४ टक्के वाढ ठरली. जानेवारी २०२४ मध्ये, हंगाम निम्मा होत आलेला असताना, पुण्यात ३४ टक्के वाढीचा तीन वर्षांचा करार झाला. टनाला सुमारे २७३ रुपयांचा दर ३६६ च्या घरात गेला आणि मुकादमाचं कमिशन २० टक्के झालं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पहाटे फडात शिरून तोडणं, पाचट काढणं, मोळ्या बांधणं, डोक्यावरून वाहून गाडी भरणं, हे सगळं धरून एक कोयता दिवसाला दीड-दोन टन करतो. हिशेब करा, साडेपाचशे ते सव्वासातशे रुपये आणि तेही दोघांत. वाढे विकून येतात ते वरचे. त्यातून उचल फिटायची असते, खाडे झाले तर ती फिटत नाही आणि बाकी पुढच्या हंगामाच्या माथी बसते.

— मग ही वाढ कारखाना आपल्या खिशातून देतो का? (तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं.)

नाही. केंद्र सरकारची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, ही ऊस कारखान्याच्या गेटवर पोहोच करण्याची किंमत असते. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च कारखाना त्यातून कापून घेतो आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यात टाकतो. म्हणजे कोयत्याची वाढ शेवटी ऊस उत्पादकाच्या बिलातून जाते. संघ कामगारांशी घासाघीस करतो ती बऱ्याच अंशी शेतकऱ्याच्या पैशावर. करार करताना मात्र शेतकऱ्याला कोणी टेबलाला बोलावत नाही. माझ्या मते या पद्धतीतला सगळ्यात मोठा दोष हाच आहे.

कारखान्यांवर थेट बसलेला भार आहे तो टनामागे १० रुपयांचा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने निघालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनाला कारखान्याने १० रुपये द्यायचे आणि तितकेच सरकारने घालायचे, असं ठरलं. तोडणी कामगारांच्या मुलांसाठीची संत भगवानबाबा वसतिगृहं याच महामंडळाच्या योजनेत येतात.

जानेवारी २०२४ चा करार २०२५-२६ च्या हंगामापर्यंतचा आहे. पुढच्या बोलणीच्या वेळी तुमच्या गावातल्या टोळ्यांना एवढंच सांगा : वजनकाट्याची पावती जपून ठेवा, मुकादमाने लावलेला टनाचा दर करारातल्या दराशी ताडून पाहा आणि कमिशन टोळीच्या मजुरीतून कापलं जात असेल तर संघटनेकडे लेखी तक्रार द्या. ते मजुरीवर वेगळं द्यायचं असतं.