वृद्धापकाळातील स्वावलंबन : पारख कशी करावी?

काशीत दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. मुले नोकरीनिमित्त परगावी जातात. वृद्ध आईवडिलांना मात्र गंगाकाठ सोडवत नाही. त्यांना एकटे राहणे झेपेल का, हे केवळ वयावरून ठरविता येत नाही.

अमेरिकेतील डॉ. सिडनी कॅट्झ यांनी १९६३ साली सहा मूलभूत क्रियांची कसोटी मांडली : स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठणे, मलमूत्रावरील नियंत्रण आणि जेवणे. १९६९ साली लॉटन व ब्रॉडी यांनी स्वयंपाक, खरेदी, औषधे, पैशांचे व्यवहार अशा आठ कामांची दुसरी कसोटी दिली.

या दुसऱ्या गटातील कामे बहुधा आधी अवघड होऊ लागतात. वीजबिल भरावयाचे राहणे, एकाच कारणासाठी दोनदा रक्कम काढणे, या खुणा म्हणूनच महत्त्वाच्या ठरतात. घाटाच्या पायऱ्या न झेपणे म्हणजे परावलंबन नव्हे. स्नान घरीही होते. न्हाणीघरात आधाराचा दांडा, जिन्यात उजेड आणि शेजारी एक किल्ली एवढ्यानेही पुष्कळ निभावते. मात्र गॅस चालू राहणे, औषध दुबार घेतले जाणे वा वारंवार पडणे सुरू झाल्यास वैद्यकीय तपासणी लांबवू नये व सोबतीची व्यवस्था करावी.

सत्तरीपुढील ग्राहकांना मूलभूत सेवा घरपोच देण्याविषयी रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांना सूचना केल्या. त्यांची चौकशी शाखेत अवश्य करावी. पारख करताना आईवडिलांना विश्वासात घ्यावे. निर्णय त्यांच्याविषयीचा असला, तरी त्यांच्यावाचून होऊ नये.