लोणंदचा पिनकोड फोडताना

लोणंदच्या कांदा बाजारात अडतीवर दिवाणजी म्हणून उमेदीची वर्षं गेली. पट्ट्या लिहून संपल्या तरी पेन्सिल काही खिशात जायला तयार नसायची. मग रोज डोळ्यांसमोर असणाराच एक आकडा धरला, गावाचा पिनकोड: ४१५५२१. त्याच्याशी खेळता खेळता जे हाती लागलं ते सांगतो.

१. मोठा आकडा दिसला की आधी अंकांची बेरीज करावी. ४+१+५+५+२+१ म्हणजे १८. तेव्हा ९ ने भाग जाणारच, उरले ४६१६९. दहा, शंभर, हजार, कशालाही ९ ने भागलं तरी बाकी १ च राहते, म्हणून अंक कुठल्या घरात बसलाय याला इथे महत्त्व नाही.

२. पण अंकांची अदलाबदल या बेरजेला कळत नाही. ४१५५१२ लिहिलं तरी १८ च. एवढंच, की अशा चुकीतला फरक कायम ९ च्या पटीत येतो. ५४० चे ४५० झाले, ९० चा घोळ. हिशेबात २७ किंवा ६३ चा फरक आला की मी आधी उलटे पडलेले अंक शोधतो. बहुतेकदा तिथेच सापडतं.

३. पुढचं काम चिकाटीचं. ४६१६९ ला ७, ११, १३ असं एकेका मूळ संख्येने भागत जायचं. २९ ने तर तोंडचा घास काढला: २९ × १५९२ = ४६१६८, बाकी एक! कुठवर जायचं हे मात्र आधीच ठरवता येतं. २१५ चा वर्ग ४६२२५, म्हणजे त्याच्या आतच काही सापडलं तर सापडलं, नाहीतर तो आकडाच मूळ. १३७ ला दार उघडलं: १३७ × ३३७. दोन्ही मूळ. पूर्ण फोड ३ × ३ × १३७ × ३३७.

४. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचा नाद लागला की सुटका नाही. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची: २१ मध्ये ३ मिळवले की २४. अशा रीतीने कुठल्याच संख्येतून जी मिळत नाही ती स्वयंभू. आमचा पिनकोड स्वयंभू नाही, उलट त्याला दोन वाटा आहेत: ४१५५०३ + १८ आणि ४१५४९४ + २७. दोन्हींचं उत्तर ४१५५२१. अशा संख्यांना कापरेकर जंक्शन म्हणत. सगळ्यांत लहान १०१ (१०० + १, ९१ + १०). फलटणचा फाटा निघाल्यापासून आमचं स्टेशनही जंक्शनच! निव्वळ योगायोग, पण मी तो येईल त्याला ऐकवतो. हर्षद संख्या, म्हणजे अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी, ती मात्र ही नव्हे. विषम आकड्याला १८ ने भाग कसा जाणार?

५. चार अंकांचं ६१७४ सहा अंकांत शोधू नये. अंक उतरते लावून त्यातून चढते वजा करायचे, तेच पुन्हा पुन्हा. चारही अंक सारखे नसले की सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतं. पिनकोडाचं तसं नाही: ५५४२११ − ११२४५५ = ४४१७५६, मग ६२०८७४, मग ८५१७४२. इथून ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि परत ८५१७४२. घाण्याला जुंपल्यागत. सहा अंकांत जागचे न हलणारे आकडे दोनच, ५४९९४५ आणि ६३१७६४. आमचा पिनकोड त्यांच्या वाटेलाही जात नाही.